रोज तीन वेळा दही, तरी साखर जागची हलेना

रुग्ण पुरुष, वय ५४. पारोळा तालुक्यातल्या एका गावात कृषी केंद्र, जोडीला थोडी कोरडवाहू कपाशी. माळकरी, त्यामुळे अंडं-मांस वर्ज्य. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८४ किलो. एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा सांगणारी तपासणी, ६.१. सहा महिन्यांपूर्वी हाच आकडा ५.९ होता. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टरांनी गोळी सुरू केली नाही, ‘आधी खाणं बघा’ म्हणून धुळ्याला माझ्याकडे पाठवलं. घरी-दारी सगळे त्यांना आप्पा म्हणतात, इथेही आप्पाच. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत.

५.९ आणि ६.१ यांतला फरक दोन वेगळ्या लॅबमुळेही पडू शकतो. त्यामुळे साखर वाढली असं मी ठामपणे म्हणणार नाही. पण सहा महिने पथ्य पाळूनही ती उतरली नव्हती आणि वजन तीन किलोंनी चढलं होतं. आप्पांची तक्रार नेमकी हीच होती. खुर्चीवर बसता बसताच म्हणाले, “मी ते दहीच खास ना ताई, मंग साखर कशी काय वाढनी?”

प्रश्न रास्त होता. पहिल्या तपासणीनंतर त्यांनी साखरेचा चहा खरोखर बंद केला होता. मुलगा पुण्याला नोकरीला आहे. त्याने फोनवर सांगितलं होतं की दही खा, अमेरिकेनेसुद्धा आता मान्य केलंय, दह्याने डायबेटीस टळतो. आप्पांनी ते मनावर घेतलं आणि दिवसातून तीन वेळा दही सुरू केलं.

बिलबुकाच्या मागची नोंद

मी एका आठवड्याची नोंद मागितली. ती सुनेने ठेवली, खताच्या जुन्या बिलबुकाच्या कोऱ्या बाजूवर. अक्षर टिपटॉप, वेळेसकट. अशी नोंद हाती आली की आहारतज्ज्ञाचं निम्मं काम झालेलं असतं, कारण ‘मी फार काही खात नाही’ हे वाक्य कागदावर टिकत नाही.

सकाळी साडेसातला पोहे आणि ‘आंब्याचं दही, २ डब्या’. साडेअकराला ‘लस्सी, स्टँडवर’. दुपारी कळण्याची भाकरी, भाजी, ठेचा आणि ‘वाटीभर दही, साखर घालून’. रात्री खिचडी किंवा भाकरी-भाजी. रात्रीच्या रकान्यात दही एकदाही नव्हतं. का नव्हतं, ते पुढे येईलच.

एक रिकामी डबी मी सोबत आणायला सांगितली होती. समोर आंब्याची फोड, बाजूला हिरवं पान, ‘लो फॅट’ ठळक अक्षरांत. मागच्या बारीक तक्त्यात १०० ग्रॅमला एकूण साखर १४ ग्रॅम, त्यात वरून घातलेली ९. उरलेली पाच दुधाची स्वतःची. ती साध्या दह्यातही असते आणि तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. दोन डब्यांतून वरची साखर आली १८ ग्रॅम. लस्सीवाला ग्लासात चार चमचे घालतो, हे आप्पांनीच उभं राहून पाहिलं होतं. ते चमचे शीग लावलेले, म्हणजे २० ग्रॅम धरायला हरकत नाही. दुपारच्या वाटीत दोन चमचे, १०. बेरीज ४८.

सुटलेल्या चहाचा हिशोब असा: दिवसाला तीन कप, प्रत्येकी दोन चमचे, साधारण तीस ग्रॅम. म्हणजे चहातून तीस गेले आणि दह्याच्या नावाने अठ्ठेचाळीस आले. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, पाच टक्क्यांच्या आत असेल तर आणखी चांगलं. दोन हजार उष्मांकांच्या आहारात हे आकडे ५० आणि २५ ग्रॅम होतात. आप्पांनी जवळजवळ सगळी मर्यादा एकट्या दह्यावर खर्च केली होती.

आप्पा बिलबुकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “पण ताई, श्रीखंड तर मी सोडलं.” ते खरंच सोडलं होतं. मला स्वतःला श्रीखंडाची भीती कधीच वाटत नाही. चक्क्याइतकी साखर घातलेला तो गोड पदार्थ आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून तो सणावारी येतो आणि जातो. गोड दह्याची डबी मात्र पथ्याच्या नावाने येते आणि रोज येते.

साखर दह्यात आली कुठून

डबी आणि लस्सी बंद करणं सोपं होतं. दुपारची वाटी अवघड होती, कारण ते घरचं दही होतं, घरच्या म्हशीचं, आप्पांच्या आईने लावलेलं. त्यात साखर का घालता, असं विचारल्यावर सून म्हणाली, “दुपारी तोंडात घालवत नाही इतकं आंबट होतं.”

महिना मे होता. स्वयंपाकघरावर पत्रा. खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकणं ही बातमी नसते. दह्याच्या कारखान्यात जे दोन जिवाणू वापरतात, स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस, त्यांना नेमकं ४२ ते ४५ अंश तापमान मानवतं. घरच्या विरजणात यांच्याशिवाय थोड्या कमी तापमानाला वाढणाऱ्या लॅक्टोकोकस जातीही असतात. काम सगळ्यांचं एकच: दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खायची आणि लॅक्टिक आम्ल सोडायचं. आम्ल पुरेसं झालं की दुधातलं केसिन हे प्रथिन एकमेकांना धरतं आणि दही लागतं. पण दही लागलं म्हणून जिवाणू थांबत नाहीत. आई रात्री नऊला, जेवणं आवरली की विरजण लावायच्या. पहाटे दही तयार व्हायचं, दुपारच्या जेवणाला बारा वाजायचे आणि मधल्या वेळात भगोनं ओट्यावरच असायचं. एवढ्या वेळात ते आंबट झालं नसतं तरच नवल.

इथे एक गैरसमज नेहमी भेटतो. आंबट दह्यात साखर उरलेलीच नसते, सगळी जिवाणूंनी खाल्ली, असं लोक धरून चालतात. तसं नाही. दही लागताना लॅक्टोज साधारण पाव ते एक तृतीयांश कमी होतं, बाकीचं तिथेच असतं. जिभेवर आंबटपणा पुढे येतो एवढंच. ही दुधाची साखर प्रथिनांसोबत आणि स्निग्धांशासोबत येते, हळूहळू शोषली जाते आणि आप्पांच्या आजाराशी तिचं वैर नाही. खरी अडचण आंबटपणा झाकायला वरून पडणाऱ्या दोन चमच्यांची होती.

म्हणून उपाय विरजणात शोधला. आईंशी फोनवर बोलणं झालं. सुरुवातीला त्यांना वाटलं, ही शहरातली बाई मला दही लावायला शिकवतेय. ठरलं ते असं: उन्हाळ्यात विरजण रात्री न लावता पहाटे पाचला लावायचं. दूध कोमट, बोट सहज बुडवता येईल इतपत. विरजण नेहमीच्या निम्मं आणि तेही ताज्या दह्याचं, चार दिवसांच्या आंबट तळाचं नको. दहा-अकराच्या सुमाराला भगोनं हलवून बघायचं. मधला भाग पाण्यासारखा न डुलता एकसंध थरथरला की लगेच फ्रीजमध्ये. वीज गेली तर मडक्यात काढून भोवती ओलं फडकं. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे ओलं फडकं इथे कोकणापेक्षा कितीतरी चांगलं काम करतं. पुढच्याच आठवड्यात सुनेचा निरोप आला की दही गोड लागतंय, साखरेचा डबा ताटापर्यंत येतच नाही. आप्पांना उपदेश एका शब्दाचाही करावा लागला नाही.

आईंचा नियम

रात्रीच्या रकान्यात दही नव्हतं ते आईंमुळे. वय ७८, त्यांच्या राज्यात सूर्य मावळला की दही बंद. हा नियम त्यांनी मनाने काढलेला नाही, चरकसंहितेत रात्री दही खाऊ नये असं स्पष्ट म्हटलेलं आहे. आजच्या आहारशास्त्राकडे या नियमाला उचलून धरेल किंवा खोडून काढेल असा भक्कम पुरावा नाही. घरात चालत आलेला आणि कुणाचं नुकसान न करणारा नियम मी मोडायला जात नाही.

आप्पांनी मात्र याच श्लोकाचा दुसरा उपयोग शोधला होता. गावातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की आयुर्वेदात दही साखरेशिवाय खाऊ नये म्हणतात. हेही त्यात आहेच. पण तिथे यादी मोठी आहे: तूप-साखर, मुगाचं कढण, मध, आवळा. आप्पांनी यादीतला सगळ्यात गोड भाग तेवढा उचलला होता. मी म्हटलं, “आप्पा, श्लोक पाळायचाच तर मूग घ्या नाहीतर आवळा घ्या, मी अडवत नाही.” ते हसले आणि तो विषय तिथेच मिटला.

पुण्याच्या मुलाचा मुद्दा

मुलाचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने योगर्टच्या वेष्टनावर एक वाक्य छापायला हरकत नाही असं कळवलं: आठवड्यातून किमान दोन कप योगर्ट नियमित खाल्ल्याने टाइप २ मधुमेहाचा धोका कमी होऊ शकतो, मात्र यासाठीचा पुरावा मर्यादित आहे. फॉरवर्ड फिरताना वाक्याचा दुसरा अर्धा भाग गळला. परवानगीसाठी अर्ज २०१८ मध्ये डॅनोन या योगर्ट कंपनीच्या अमेरिकी शाखेने केला होता, हेही कुणी पुढे पाठवलं नाही.

पुरावा मर्यादित का, तर तो मुख्यतः निरीक्षणाचा आहे. हजारो लोकांना वर्षानुवर्षं विचारत राहायचं, तुम्ही काय खाता, आणि कुणाला काय होतं ते पाहायचं. अशा अभ्यासांत योगर्ट खाणाऱ्यांना मधुमेह कमी होताना दिसतो. पण ही माणसं एकूणच वेगळी असतात: धूम्रपान कमी, चालणं-फिरणं जास्त, फळं-भाज्या जास्त. संशोधक गणिताने हा फरक काढायचा प्रयत्न करतात, पुरता निघतोच असं नाही. पारोळ्याच्या स्टँडवर लस्सी पिणारा माणूस त्या अभ्यासात नव्हता.

याच प्रकारच्या २०११ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासाचा आकडा मी आप्पांना सांगितला. १,२०,८७७ माणसं, दर चार वर्षांनी वजनाचा हिशोब. योगर्ट वाढवणाऱ्यांचं वजन चार वर्षांत सुमारे ०.८२ पौंडाने कमी भरलं, म्हणजे पावणेचारशे ग्रॅमच्याही आत. बटाट्याचे चिप्स वाढवणाऱ्यांचं १.६९ पौंडाने वाढलं. पहिल्या आकड्यावर आप्पा म्हणाले, “चार वर्षांत पावशेर-दीडपाव?” मला त्यांच्याकडून हेच हवं होतं. योगर्टने मेद वितळत नाही. फार तर चिप्सच्या जागी योगर्ट आलं तर बाजू थोडी बरी होते. आप्पांकडे दही कशाच्याही जागी आलं नव्हतं. न्याहारीचे पोहे होतेच, डब्या त्यांच्या वर. दुपारची भाकरी होतीच, लस्सी तिच्या आधी. दही चांगलं की वाईट हे ठरवण्याआधी मी हल्ली एवढंच विचारते, ते ताटात आलं तेव्हा ताटातून काय गेलं?

या पदार्थाला एवढं नाव कसं मिळालं, हेही मुलाला फोनवर सांगितलं. त्याला रस होता. १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाने जिनिव्हात दह्यातला जिवाणू ओळखला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले इल्या मेचनिकॉव्ह यांनी त्यावर म्हातारपण लांबवण्याचा सिद्धांत उभा केला: मोठ्या आतड्यातले कुजवणारे जिवाणू माणसाला म्हातारं करतात आणि आंबट दूध त्यांना आवरतं. १९०८ चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, दह्यासाठी नव्हे. पण वलय दह्यालाही मिळालं. १९१९ मध्ये बार्सिलोनात आयझॅक कारासो यांनी डॅनोन सुरू केली, तेव्हा योगर्ट औषधांच्या दुकानांतून विकलं जायचं. १९४७ मध्ये अमेरिकेत त्याच कंपनीने कपाच्या तळाशी गोड फळं घातली आणि खप वाढला. औषधाच्या दुकानातली इज्जत तशीच राहिली, आत मुरंबा आला. २०१० मध्ये तिथल्याच व्यापार आयोगापुढे कंपनीच्या अमेरिकी शाखेने कबूल केलं की अ‍ॅक्टिव्हिया या आपल्या योगर्टच्या रोजच्या एका कपाने पोट साफ होतं, असा दावा यापुढे करणार नाही. ३९ राज्यांना २.१ कोटी डॉलरही मोजले.

काकूंची बाजू

दह्याचं नाव जिथे खऱ्या अर्थाने टिकतं ती गोष्ट याच घरात, आप्पांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. त्यांच्या पत्नी, वय ५०. दूध प्यायल्या की पोट फुगतं, गुरगुरतं, कधी जुलाब. दही खाल्ल्यावर असलं काही नाही. वाढत्या वयात लॅक्टोज पचवणारं विकर, म्हणजे एन्झाइम, कमी होणं भारतात अगदी सर्रास आहे. दह्यातले जिवंत जिवाणू स्वतःचं विकर सोबत आणतात आणि आतड्यात लॅक्टोज फोडायला मदत करतात. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये योगर्टच्या बाबतीत हा दावा मान्य केला. प्रोबायोटिकच्या, म्हणजे फायद्याच्या जिवंत जिवाणूंच्या, नावाने आलेले बहुतेक दावे हेच प्राधिकरण फेटाळत आलंय, म्हणून या एका होकाराला मी वजन देते.

काकूंची पाळी जाऊन दोन वर्षं झालेली, गुडघे धरलेले, दूध बंद. कॅल्शियम येणार कुठून? म्हशीच्या दह्याच्या दीडशे ग्रॅमच्या वाटीत दोनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम सहज मिळतं. त्यांना दिवसाला दोन वाट्या सांगितल्या, वर तीळ आणि नागली, म्हणजे नाचणी. एकाच भगोन्यातलं दही आप्पांना मोजून आणि काकूंना वाढवून, हे आईंना सुरुवातीला पटेना. बाईमाणसाने जास्त खायचं, हे त्या घरात पहिल्यांदाच घडत असावं.

काकूंचा एक प्रश्न सुंदर होता. कढीतले जिवाणू मरत असतील, मग फुणके-कढी खाण्यात अर्थ काय? उकळी आली की जिवाणू मरतात हे खरं. पण प्रथिनं आणि कॅल्शियम उकळीने कुठे जात नाहीत. जिवाणूंच्या नावावर कढीला नावं ठेवू नयेत. घरचं दही ‘प्रोबायोटिक’ आहे, हेही मी म्हणत नाही: त्यात जिवंत जिवाणू भरपूर असतात, पण कोणत्या जातीचे, किती आणि त्यांचा नेमका फायदा काय, हे तपासल्याशिवाय तो शब्द लागू होत नाही.

मुलाने पुण्याहून पाठवलेल्या ग्रीक योगर्टचं मात्र काही वाकडं नव्हतं. साधं, बिनसाखरेचं. तो शेवटी चक्काच, फक्त कमी गाळलेला. घरचं दही तीन-चार तास सुती पंचात टांगलं की प्रथिनांचं प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं आणि खाली उरलेल्या निवळीत भाकरीचं पीठ मळता येतं. दूध म्हशीचं, म्हणून साय आधी काढून लोण्याला ठेवायची. न्याहारीला आप्पांसाठी पोह्यांच्या जागी हा चक्का, काकडी, जिरं आणि एक मुगाचं धिरडं ठरलं.

तीन महिन्यांनंतर

श्रावणात आप्पा परत आले. वजन ८१, एचबीए१सी ५.८. कानबाईच्या सणातल्या रोटांना त्यांनी नाही म्हटलं नव्हतं आणि म्हणावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. दह्याने साखर उतरवली, असं त्यांनी गावात सांगायला सुरुवात केली होती, ते मी थांबवलं. उतरली ती लस्सी आणि डब्या सुटल्याने, पोहे गेल्याने आणि शेतापर्यंत मोटरसायकल सोडून पायी जाण्याने. यात दह्याचा स्वतःचा वाटा किती, हे एका माणसावरून काढता येत नाही.

एक गोष्ट दह्याने केली नाही. पहिल्या भेटीत आप्पा तळपायाला मुंग्या येतात म्हणाले होते. उंबरठ्यावरच्या साखरेनेही ते होऊ शकतं, पण माळकरी माणूस म्हटल्यावर मी बी१२ जीवनसत्त्व तपासायला सांगितलं होतं. रिपोर्ट आला १६२, आणि दोनशेच्या खालचा आकडा साधारणपणे कमतरतेचा धरतात. शाकाहारी माणसाला बी१२ मिळतं ते जवळजवळ फक्त दूध-दह्यातून, पण शंभर ग्रॅम दह्यात ते अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास, गरज रोजची दोन मायक्रोग्रॅमच्या थोडी वर. तीन वेळा दही खाऊनही आप्पांचा साठा भरला नव्हता. शोषणच कमी असेल तर तो दह्याने भरणारही नाही. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली आहेत. पोळ्यानंतर पुन्हा तपासणी आहे, त्याच वेळी काकूंचंही बी१२ बघायचं ठरलंय.